लेन्स बदलण्याआधी ते चार फोटो पुन्हा बघा

प्रश्न: इंदापूर तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंचं पत्र आलं आहे. काही वर्षांपूर्वी त्यांनी कॅनन १५००डी कॅमेरा घेतला. त्यासोबत १८-५५ आणि ५५-२५० अशा दोन लेन्स मिळाल्या (हे आकडे मिलिमीटरमधल्या पल्ल्याचे; आकडा जितका मोठा, तितकं दूरचं मोठं दिसतं). सुट्टीच्या दिवशी त्या उजनीच्या पाणवठ्यावर, भिगवण-कुंभारगावच्या बाजूला पक्ष्यांचे फोटो काढायला जातात. शाळेचं स्नेहसंमेलन आलं की तिथले फोटोही त्यांच्याकडेच येतात. पक्षिमित्रांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मात्र त्यांना दर वेळी एकच शेरा मिळतो, ‘छान आहे, पण सॉफ्ट आहे’, म्हणजे फोटोला धार नाही. त्यांचे एक मावसदीर बारामतीला लग्नाचे फोटो काढतात. ते आता मिररलेस (आत आरसा नसलेल्या, नव्या प्रकारच्या) कॅमेऱ्याकडे वळलेत आणि त्यांची जुनी ७०-२०० एफ २.८ एल लेन्स, आयएस (हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी सोय) नसलेली, ताईंना द्यायला तयार आहेत. किंमत ३५ हजार रुपये, वर ताईंची ५५-२५० त्यांना द्यायची. ‘किट लेन्स म्हणजे खेळणं. ही लावा, पहिल्याच फोटोत फरक दिसेल,’ असं ते म्हणतात. महिनाअखेरपर्यंत होकार आला नाही तर लेन्स बाहेर विकणार आहेत. ताई विचारतात: इतकी जुनी लेन्स घ्यावी का? आणि नुसत्या हौसेसाठी एवढे पैसे घालवणं योग्य आहे का?

उत्तर:

ताई, पत्रासोबत चार फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत, आणि ते मूळ फाइलसकट पाठवलेत हे त्याहून बरं. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोतून काहीच कळत नाही. मूळ फाइलमध्ये कॅमेऱ्याने सगळी नोंद ठेवलेली असते: वेळ, शटर स्पीड (शटर किती सेकंद उघडं होतं), अॅपर्चर (लेन्सचं तोंड किती उघडं होतं; एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त), आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवला होता), लेन्स कुठली, किती एमएमवर होती. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या नोंदीतच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

पहिला फोटो उडत्या नदी सुरयचा. सकाळी ७:३५, २५० एमएम, एफ ५.६, आयएसओ २००, शटर १/३२०. पंखांची टोकं पुसल्यासारखी झालीत, चोचही दुहेरी दिसतेय. सुरय पाण्यावर झेपावताना १/३२० सेकंदात बरंच अंतर कापतो. जगातली सर्वांत महागडी लेन्स लावली असती तरी या शटर स्पीडला हा फोटो असाच आला असता. आयएसओ २०० का ठेवला होतात? माझा अंदाज असा की ‘आयएसओ वाढवला की फोटोत दाणे येतात’ हे कोणीतरी सुरुवातीला सांगितलं आणि ते मनात घर करून बसलं. आयएसओ १६०० केला असतात तर त्याच उजेडात, त्याच लेन्सवर १/२५०० मिळालं असतं. थोडे दाणे आले असते, पण दाणे नंतर संगणकावर कमी करता येतात. हललेला पंख कशानेच दुरुस्त होत नाही.

दुसरा फोटो रोहितांच्या रांगेचा. वेळ सकाळी ११:२०, शटर १/१६००. म्हणजे शटर पुरेसं होतं, उजेड भरपूर होता, तरीही रोहितांचे पाय नागमोडी दिसतात आणि मागचा काठ थरथरल्यासारखा वाटतो. हे हवेचं काम आहे. ऊन चढलं की पाण्यावरच्या आणि काठावरच्या हवेचे कमी-जास्त तापलेले थर तयार होतात, प्रकाश त्यांतून येताना वाकत-वाकत येतो आणि दूरच्या पक्ष्याची रेघ न् रेघ विरघळते. हिवाळ्यात पहाटे पाणी उबदार आणि हवा गार असते, तेव्हाही असं होऊ शकतं. लेन्स जितकी लांब पल्ल्याची, तितकी ही थरथर मोठी दिसते. यावर उपाय दोनच, लवकर जाणं किंवा अंतर कमी करणं.

तिसऱ्या फोटोत वेडा राघू बाभळीच्या फांदीवर बसलाय. राघू धूसर आहे, पण त्याच्या मागचे काटे एकेक मोजता येतील इतके स्पष्ट आहेत. म्हणजे लेन्सने फोकस नेमका पकडला, फक्त चुकीच्या जागी. १५००डीमध्ये फोकसचे नऊ बिंदू आहेत. सगळे चालू ठेवले की कॅमेरा आपल्या मनाने त्यांतला एखादा निवडतो, आणि काट्यांसारखी गडद, रेखीव गोष्ट त्याला लगेच सापडते. फक्त मधला बिंदू चालू ठेवा. नवांपैकी तोच सर्वांत भरवशाचा आहे. बसलेल्या पक्ष्याच्या डोळ्यावर तो ठेवायचा, उडत्या पक्ष्यासाठी फोकस एआय सर्व्होवर (हलत्या विषयावर फोकस सतत धरून ठेवणारी पद्धत) न्यायचा.

आता चौथा फोटो. तुम्ही त्याबद्दल पत्रात एक अक्षरही लिहिलेलं नाही, नुसता जोडून दिलाय. काठाजवळच्या चिखलात उभा असलेला शेकाट्या. सकाळचे साडेआठ, २५० एमएम, एफ ५.६, आयएसओ ४००, शटर १/१२५०. मी तो पूर्ण मोठा करून पाहिला. डोळ्यातला लाल रंग स्वच्छ आहे, बुबुळाच्या कडेला उन्हाचा ठिपका आहे, चोचीच्या टोकाला लोंबणारा पाण्याचा थेंब दिसतोय. हा फोटो त्याच लेन्सने काढलाय, जिला तुमचे भावोजी खेळणं म्हणतात, तिच्या शेवटच्या टोकाला आणि पूर्ण उघड्या अॅपर्चरवर. पक्षी जवळ होता, शटर पुरेसं होतं, हवा अजून तापली नव्हती, फोकस योग्य जागी बसला होता. लेन्समध्ये मोठा दोष असता तर हा फोटो असा येऊच शकला नसता.

तेव्हा ‘फोटो सॉफ्ट येतात म्हणजे लेन्स वाईट’ हे गृहीतक आधी बाजूला ठेवूया. ‘किट’ या शब्दाने बऱ्याच जणांची फसगत होते. कॅमेऱ्यासोबत खोक्यात मिळते म्हणून ती किट लेन्स. किंमत कमी ठेवण्यासाठी तिचं अंग प्लास्टिकचं आहे, कॅमेऱ्यावर बसणारं कडंसुद्धा प्लास्टिकचं आहे, मोटर साधी आहे, अॅपर्चर लहान आहे. काचा मात्र वाईट नाहीत. तुमच्या फाइलमध्ये नोंद आहे ती ५५-२५० आयएस टू ही २०११ची आवृत्ती. तिची खरी कमजोरी फोकसचा वेग ही आहे. उडता पक्षी पकडताना ती पुढे-मागे चाचपडते, हे मीही मान्य करते. २०१३मध्ये आलेली, वेगळ्या मोटरची एसटीएम आवृत्ती यात सरस आहे आणि वापरलेली बऱ्यापैकी स्वस्तात मिळते. पण ग्रुपवर कोणी ‘५५-२५० काढून दुसरी ५५-२५० घ्या’ असं सुचवत नाही, कारण ऐकायला ते काही विशेष वाटत नाही.

एक चाचणी तुम्ही शाळेतच करू शकाल. सूचनाफलकावर वर्तमानपत्राचं पान सपाट चिकटवा, आठ-दहा मीटरवर टेबलावर किंवा ट्रायपॉडवर कॅमेरा ठेवा, आयएस बंद करा, दोन सेकंदांचा टायमर लावा. लेन्सच्या पुढे दुकानदाराने बसवून दिलेला यूव्ही फिल्टर असेल तर तो आधी काढा. स्वस्तातला फिल्टर टेलि (लांब पल्ल्याच्या) लेन्सची धार बऱ्याचदा मारतो. मग लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर) दहापट मोठं करून फोकस करा आणि एफ ५.६ला एक, एफ ८ला एक फोटो घ्या. तेच फोटो परत व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून काढा. लाइव्ह व्ह्यूचे स्पष्ट आणि व्ह्यूफाइंडरचे दर वेळी धूसर आले, तर कॅमेरा आणि लेन्स यांचं फोकसचं गणित जुळत नाहीये. १५००डीच्या मेनूत ते जुळवायची सोय नाही, सर्व्हिस सेंटरलाच न्यावं लागेल. हे आधीच माहीत असायला हवं, कारण जुनी ७०-२०० लावल्यावर तसंच निघालं तर तिथेही तुमच्या हातात काही उपाय नसेल.

आता त्या ७०-२०० कडे वळू. भावोजी खोटं बोलत नाहीयेत. कॅननने १९९५मध्ये आणलेली ही लेन्स उत्तमच आहे. अंग धातूचं, फोकसची मोटर झटपट, आणि ७० पासून २०० पर्यंत कुठेही एफ २.८. मांडवात पाच-सात मीटरवर उभ्या असलेल्या नवरा-नवरीसाठी, हॅलोजनच्या उजेडात, ही फार चांगलं साधन आहे. त्यांनी वर्षानुवर्षं तिच्यावर संसार चालवलाय, त्यांचं तिच्यावर प्रेम असणारच. पण त्यांचा विषय पाच मीटरवर असतो आणि तो उडून जात नाही.

तुमच्या राघूचं गणित करून बघा. वेडा राघू साधारण १७ सेंटिमीटरचा. तो १५ मीटरवर बसला असेल तर तुमच्या कॅमेऱ्याच्या ६००० पिक्सेल रुंद चित्रात २५० एमएमला तो सुमारे ७५० पिक्सेल लांब दिसतो. २०० एमएमला ६००. चित्रातली त्याची जागा एक-तृतीयांशाहून जास्त घटते. म्हणजे ३५ हजार देऊन पक्षी लहान होणार. ग्रुपवर टाकण्याआधी तुम्ही फोटो आणखी क्रॉप करणार, आणि ‘सॉफ्ट आहे’ हा शेरा कायम राहणार. ४०० एमएमची लेन्स असती तर तोच राघू १२०० पिक्सेलचा झाला असता. पण १५ ऐवजी साडेनऊ मीटरवर जाता आलं, तर तुमच्या आत्ताच्या २५० एमएमलाही तो जवळजवळ तेवढाच दिसेल.

कोणी म्हणेल, लेन्सच्या मागे टेलिकन्व्हर्टर, म्हणजे पल्ला वाढवणारी जोडलेन्स, लावा. १.४चा लावलात तर २८० एमएम एफ ४ होईल, म्हणजे आहे त्यापेक्षा फक्त ३० एमएम जास्त. २चा लावलात तर ४०० एमएम एफ ५.६ मिळेल, पण जुन्या झूमवर त्याने धार कमी होते आणि फोकसही मंदावतो. वर कन्व्हर्टरचा खर्च वेगळा.

उजेडाचंही बघू. एफ ५.६ वरून एफ २.८ म्हणजे दोन स्टॉप, चौपट उजेड. पहिल्या फोटोत त्याचा उपयोग झाला असता हे खरं आहे, १/३२० च्या जागी १/१२५० मिळालं असतं. पण भर उन्हात आयएसओ ४०० आणि एफ ५.६ वर शटर १/३२०० पर्यंत जातं. उजनीच्या उघड्या पाण्यावर ऊन वर आल्यानंतर उजेडाची टंचाई कधीच नसते. तिथे कमी पडतो तो पल्ला.

वजन, अंतर आणि आयएस या तीन गोष्टींकडेही लक्ष द्या. तुमची लेन्स ३९० ग्रॅमची आहे, ती १३१० ग्रॅमची. कॅमेऱ्यासकट पावणेदोन किलोंच्या वर वजन होडीत दोन-तीन तास हातात धरायचं. होडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही, इंजिनाची थरथर पायांतून थेट वर येते. दुसरं, तुमची लेन्स १.१ मीटरपर्यंत जवळ जाते, ती दीड मीटरला थांबते. फुलपाखरं, चतुर, शाळेच्या कुंपणावरचा सूर्यपक्षी हे सगळं तुमच्या आत्ताच्या लेन्सवर मोठं येतं. आणि तिसरं, हात हलला तरी चित्र स्थिर ठेवणारी आयएसची सोय त्या लेन्समध्ये नाही. उडत्या पक्ष्याला आयएसचा फारसा उपयोग नाही, पण संध्याकाळी झाडावर निवांत बसलेल्या घुबडाला खूप आहे.

तर पक्ष्यांसाठी ही लेन्स घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगते. ७०-२०० चांगली आहे, फक्त तुमच्या कामाची नाही.

स्नेहसंमेलनाचं मात्र वेगळं आहे, आणि तुमच्या पत्रात तो उल्लेख एका ओळीत आला असला तरी मला तो महत्त्वाचा वाटतो. शाळेच्या रंगमंचावर उजेड कमी, मुलं नाचत असतात, ५५-२५० ला एफ ५.६ आणि आयएसओ ३२०० वर जेमतेम १/६० मिळतं. हात-पाय हललेले, चेहरे पुसट. तिथे एफ २.८ ने १/२५० मिळेल आणि फरक पहिल्याच फोटोत दिसेल, भावोजी म्हणतात तसाच. पण वर्षातल्या एका संध्याकाळसाठी ३५ हजार? त्याऐवजी ८५ एमएम एफ १.८ बघा. तीही जुनीच लेन्स आहे, १९९२ची, वजन सव्वाचारशे ग्रॅम, फोकस झटकन होतो आणि एफ २.८ पेक्षाही दुपटीहून जास्त उजेड आत घेते. पहिल्या रांगेसमोर बसून काढलेत तर रंगमंचावरची दोन-तीन मुलं छान चौकटीत बसतात. वापरलेली घेतलीत तर ७०-२०० च्या बऱ्याच खाली मिळायला हवी. आणि त्याहून सोपं म्हणजे त्या एका संध्याकाळी भावोजींकडूनच लेन्स मागून आणणं, त्यांनी तोवर ती विकली नसेल तर.

पक्ष्यांसाठी पैसे खर्च करायचेच झाले तर कशावर करावेत? जुनीच लेन्स हवी असेल तर कॅननची ४०० एमएम एफ ५.६ एल, १९९३ची. आयएस नाही, झूम नाही, साडेतीन मीटरच्या आतलं दिसत नाही, वजन सव्वा किलो. तरीही उडत्या पक्ष्यांसाठी ती अनेकांनी वर्षानुवर्षं वापरली, कारण फोकस जलद आहे आणि पूर्ण उघड्या अॅपर्चरलाही धार तीच राहते. हातात धरून १/१००० च्या खाली जायचं नाही, एवढं पथ्य पाळलं की झालं. दुसरी १९९८ची १००-४००, पहिली आवृत्ती. हिला आयएस आहे, झूम पुढे-मागे ओढून करावा लागतो, वजन १.४ किलोच्या आसपास. रोहितांचा थवा अचानक जवळ आला तर १०० वर येता येतं, ही हिची मोठी सोय. टॅमरॉन आणि सिग्माच्या १५०-६०० लेन्स नव्या आणि पल्लेदार आहेत, पण वजन दोन किलोंच्या घरात. तुम्ही एकट्या, दुचाकीवर, पहाटे जाता असं लिहिलंय, म्हणून त्या मी तुम्हाला सुचवणार नाही.

यांतली कुठलीही लगेच विकत घेऊ नका. पुण्यात लेन्स दिवसाच्या भाड्याने मिळतात, ओळखपत्र आणि डिपॉझिट लागतं. शनिवारी आणायची, रविवारी पहाटे कुंभारगावला जायचं, सोमवारी परत. सोबत तुमची ५५-२५० ही न्या. एकाच पक्ष्याचे, एकाच जागेवरून, दोन्ही लेन्सनी फोटो काढा, दोन्ही वेळा शटर १/१००० च्या वर. घरी ते शेजारी-शेजारी ठेवून बघा. फरक एवढा दिसला की पगारातून दरमहा काही बाजूला ठेवावंसं वाटलं, तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं.

त्याआधी मात्र या हंगामात, नोव्हेंबर ते मार्च, आहे त्याच लेन्सवर काम करा. पाण्यावर साडेसातपर्यंत पोचा, साडेनऊनंतर दूरचे पक्षी सोडून जवळच्यांकडे वळा. आयएसओ ८००-१६०० ला घाबरू नका. मधला बिंदू, एआय सर्व्हो. आणि अंतर कमी करायला शिका. त्यासाठी पक्ष्याच्या मागे धावावं लागत नाही, बसून राहावं लागतं. काठावर एका जागी अर्धा-पाऊण तास न हलता बसलं की शेकाट्या, कवड्या खंड्या, धोबी आपण होऊन जवळ येतात. तुमचा चौथा फोटो असाच मिळाला असणार. होडीवाल्याला ‘अजून जवळ घ्या’ म्हणू नका. रोहित माना वर करून एका दिशेने चालायला लागले की ते उठण्याच्या बेतात आहेत, तिथेच इंजिन बंद करायला सांगा. भादलवाडीच्या तळ्यावर चित्रबलाकांची घरटी असतील तेव्हा तर लांबूनच काढा. तिथे पक्षी लहान आला तर लहान येऊ द्या.

हौसेवर खर्च करावा का, हा तुमचा दुसरा प्रश्न. तो तुम्ही जरा लाजत विचारलाय असं वाटलं. दिवसभर वर्ग, घरी स्वयंपाक, परीक्षांचे गठ्ठे, आणि आठवड्यातली एक सकाळ तुमची स्वतःची. तिच्यावर स्वतःच्या कमाईतून खर्च करताना कोणाकडे परवानगी मागावी असं मला वाटत नाही. मला आक्षेप आहे तो घाईला. महिनाअखेर ही भावोजींची सोय आहे, तुमची नाही. वापरलेल्या ७०-२०० बाजारात कायम असतात. लग्नाचे फोटो काढणारे एकापाठोपाठ एक मिररलेसकडे वळताहेत, त्यामुळे अशा लेन्स वाढतच जाणार.

पक्ष्यांचं सोडून लग्न, नाटक, गाण्याच्या मैफली असं काही काढणाऱ्या वाचकांना हीच ७०-२०० अगदी योग्य ठरू शकते. अशांनी जुनी लेन्स हातात आल्यावर काय बघायचं ते सांगते. अंधाऱ्या खोलीत दोन्ही झाकणं काढा, अॅपर्चर उघडं ठेवा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारा आणि पुढून आत बघा. धुळीचे दोन-चार कण असतातच, त्यांनी काही बिघडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती फंगस. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत वर्षानुवर्षं कपाटात राहिलेल्या लेन्समध्ये ती फार आढळते. सुरुवातीची असेल तर साफ होते, पण काचेवरचा लेप खाल्ला गेला असेल तर तो परत येत नाही. सगळीकडे एकसारखा दुधी पडदा दिसला तरी लेन्स घेऊ नका. पुढच्या काचेवरच्या ओरखड्यापेक्षा मागच्या काचेवरचा ओरखडा जास्त नडतो. झूमचं आणि फोकसचं कडं पूर्ण फिरवून बघा, कुठे अडखळतंय का. स्क्रूंची डोकी घासलेली असतील तर लेन्स उघडली गेली आहे, कोणी आणि का ते विचारा. कॅननच्या जुन्या लेन्सच्या मागच्या कड्यावर बारीक अक्षरांत एक खूण असते, उदाहरणार्थ यूआर०९०२. यातलं पहिलं अक्षर कारखान्याचं, दुसरं वर्षाचं: ए म्हणजे १९८६, तिथून पुढे मोजत गेलं की आर म्हणजे २००३. पुढचे दोन आकडे महिन्याचे. विकणारा ‘सात-आठ वर्षांचीच आहे’ म्हणाला तर ही खूण बघून खात्री करता येते. बंद झालेल्या लेन्सचे सुटे भाग कंपनी कायम ठेवत नाही, म्हणून मोटर चालू आहे ना हे स्वतः पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

निकॉन वापरणाऱ्यांना एक वेगळं सांगायला हवं. डी३५०० किंवा डी५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नाही. त्यावर जुनी ८०-२०० एफ २.८ डी लावलीत तर फोटो येईल, पण फोकस हातानेच करावा लागेल. लेन्सच्या नावात एएफ-एस (म्हणजे मोटर लेन्समध्येच) आहे ना हे आधी बघा. कॅननच्या ईएफ लेन्समध्ये ही अडचण येत नाही, १९८७ पासून मोटर लेन्समध्येच आहे. आणि पुढे-मागे कॅननचा आर मालिकेतला मिररलेस घेतलात तर अॅडॉप्टर लावून याच लेन्स ऑटोफोकससकट चालतात, त्यामुळे चांगली ईएफ लेन्स घेतली तर पैसे वाया जात नाहीत.

शेवटी नात्याचा व्यवहार. परक्याची लेन्स तुम्ही बिनदिक्कत टॉर्च मारून तपासाल, भावोजींची तपासताना संकोच वाटेल. नको म्हणताना तर आणखी. घरातल्यांकरवी निरोप न पाठवता तुम्ही स्वतःच त्यांना फोन करा. ‘भावोजी, लेन्स फार छान आहे, पण मला पक्ष्यांसाठी २०० कमी पडतंय, मला ४०० लागेल. तुम्ही बाहेर देऊन टाका, माझ्यासाठी थांबू नका,’ एवढं पुरे. पल्ल्याचं कारण फोटो काढणाऱ्याला लगेच पटतं आणि त्यात त्यांच्या लेन्सचा कमीपणा नाही. तरीही मनात रेंगाळत असेल तर एका रविवारसाठी ती मागून घ्या, आधीच सांगून ठेवा की बघून मग ठरवेन, आणि सोमवारी परत करा. काहीही ठरलं तरी ५५-२५० बदल्यात देऊ नका. वापरलेल्या बाजारात तिचे फार पैसे येत नाहीत, आणि तुमच्या सूर्यपक्ष्यांसाठी, सहलीसाठी, दुचाकीच्या डिकीसाठी ती तुम्हाला लागणार आहे.